आरोपाआधीची कोठडी

मनुष्यावर रीतसर आरोप न ठेवता पोलिसांनी त्याला किती दिवस कोठडीत ठेवावे, या प्रश्नाचा ब्रिटनमध्ये काही वर्षे जणू लिलावच चालला होता. २००० च्या दहशतवादविरोधी कायद्याने ७ दिवसांची मर्यादा घातली. पुढे ती १४ झाली. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये स्फोट होऊन ५२ निरपराध माणसे मेली, तेव्हा पंतप्रधान ब्लेअर यांनी एकदम ९० दिवस मागितले. कॉमन्स सभेने ९ नोव्हेंबर रोजी ही मागणी ३२२ विरुद्ध २९१ मतांनी फेटाळली व २८ दिवसांना मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी ‘सन’ या अफाट खपाच्या दैनिकाने विरोधी मत देणाऱ्या सभासदांना देशद्रोही ठरविणारा मथळा छापला!

संगणकातील गुप्त मजकूर उलगडावयास व परदेशांतून माहिती मिळावयास वेळ लागतो, हे पोलिसांचे म्हणणे निव्वळ सबब नव्हती. परंतु ज्या भयाच्या बळावर हे दिवस मागितले गेले ते भय कशावर पोसले होते, हे पाहिले पाहिजे. जानेवारी २००३ मध्ये उत्तर लंडनमधील एका घरात ‘रायसिन’ हे जालीम विष सापडल्याची वार्ता गाजली. पुढच्याच महिन्यात कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रसंघात इराकविरुद्ध बोलताना तिचा आधार घेतला. प्रत्यक्षात घरात काय होते? एरंडाच्या काही बिया आणि विषाच्या हस्तलिखित कृती. विष नव्हतेच. पोर्टन डाउनच्या सरकारी प्रयोगशाळेला हे लवकरच कळले होते; जनतेला मात्र ते एप्रिल २००५ मध्ये खटला संपल्यावर कळले. एका आरोपीस शिक्षा झाली, आणि त्याने एका पोलिसाचा खूनही केला होता, हे आम्ही लपवीत नाही. पण त्याच्याबरोबर उभे केलेले चौघे निर्दोष सुटले. त्यांतील काहींना हद्दपारीसाठी पुन्हा पकडले, तेव्हा खुद्द ज्यूरीतील काही जणांनी जाहीरपणे निषेध केला.

मथळा दोन वर्षे मिरवला आणि खुलासा कोपऱ्यात गेला. हा दोष केवळ सरकारचा नाही. आम्हा वृत्तपत्रकारांचाही आहे. ‘पोलिसांच्या सूत्रांकडून समजते’ एवढ्यावर माणसाला बाँबवाला ठरविणारा संपादक कोठडीच्या दाराला बाहेरून कडी लावीत असतो.

मराठी वाचकांना ही रीत नवी नाही. रँडच्या खुनानंतर १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना याच इंग्रजांनी १८२७ च्या रेग्युलेशनखाली खटल्याविना अडकवून ठेवले होते. स्वतःच्या घरी मात्र त्यांच्या वंशजांना दिवस मोजावेसे वाटले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. २००८ मध्ये पंतप्रधान ब्राउन यांचा ४२ दिवसांचा प्रस्ताव कॉमन्समध्ये अवघ्या ९ मतांच्या आधिक्याने तरला. डेव्हिड डेव्हिस यांनी त्याच्या निषेधार्थ आपली जागा सोडून पुन्हा निवडणूक लढविली व जिंकली. लॉर्ड्स सभेने तर प्रस्ताव ३०९ विरुद्ध ११८ मतांनी उडवून लावला.

२८ दिवसांचा अधिकार हाती असताना १४ दिवसांपलीकडे एकूण ११ जणांना ठेवले गेले. त्यांतील ३ जण आरोपाविना सुटले. २००७ च्या उन्हाळ्यानंतर तर या जादा दिवसांची एकदाही गरज पडली नाही. २०११ मध्ये मर्यादा पुन्हा १४ दिवसांवर आली आणि २०१२ च्या कायद्याने ती कायम झाली. आपल्याकडे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली आरोपपत्रासाठीच १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, आणि तोवर आरोपीचे छायाचित्र सर्वत्र छापून झालेले असते.