पाच हजारांचा हिशेब

१९०६ मध्ये शाहू महाराजांच्या मदतीने कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, मुले शिकली. बायकांच्या आरोग्यासाठीही आज सरकारी पैसा आहे. किती जणींना ठाऊक आहे? शहरातल्या गरीब वस्तीत ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून तिला वर्षाला ५,००० रुपये द्यायचे असतात. अडलेल्या बाळंतिणीला रात्री रिक्षा, डासांचा बंदोबस्त... खर्च बायकांनीच बैठकीत ठरवायचा. रक्कम तुटपुंजीच. पण बैठकीत आपली कुणी नसेल, तर अंगावर काढलेल्या दुखण्याबद्दल बोलणार कोण? सासूबाईंनी सुनेला पाठवावे, स्वतःही जावे. आशाताईंना विचारा, आपल्या गल्लीची समिती कोणती आणि मागच्या वर्षीचे पैसे कशावर खर्च झाले.