दार बंद झालेलं नाही, तिकीट लागलंय

टीव्हीवर रोज कुणीतरी सांगतं की जागतिकीकरण संपलं. माझं म्हणणं, काही संपलेलं नाही. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला उंबऱ्यावर उभं करायचं, हे फक्त आता उघडपणे ठरतंय.

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं. त्यातलं निम्मं रशियाचं तेल घेतल्याचा दंड. चीन आपल्यापेक्षा जास्त रशियन तेल घेत होता, त्याला हा दंड नव्हता! बरं, सूट कुणाला मिळाली तेही बघा. तमिळनाडूत जुळवलेला आयफोन सुटला, औषधं सुटली. सापडला सोलापूरचा टॉवेल, तिरुपूरचा बनियन, आंध्रची कोळंबी. ज्याच्यावाचून अमेरिकेचं अडतं तो माल सुटला. मागावर बसणाऱ्या माणसावाचून तिथं कुणाचं अडत नाही.

व्हिसाचंही तेच. १९ सप्टेंबरला ट्रम्प साहेबांनी एच-१बीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर शुल्क लावलं. आपले साधारण ८८ लाख रुपये. त्याच दिवशी 'गोल्ड कार्ड'चा आदेश निघाला, १० लाख डॉलर द्या आणि कायमचे राहायला या. म्हणजे परका नको असं नाही, फुकटात नको. महिन्याभरानं खुलासा आला की तिथं शिकून तिथंच व्हिसा बदलून घेणाऱ्याला हे शुल्क नाही. मग उरलं कोण? ज्याच्या बापाला पोराला तिकडं एमएसला पाठवणं झेपत नाही, जो नांदेड-चंद्रपूरच्या कॉलेजातून डिग्री घेऊन थेट नोकरीवर जाणार होता, तो. शहरातल्या सुखवस्तू घरातून यावर ओरड कमी का आहे, ते आता लक्षात येईल.

दाद कुठं मागायची? जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिकाच त्यावर नेमणुका होऊ देत नाही.

पण नुसतं ट्रम्पना शिव्या देऊन मोकळं होणं मला पटत नाही. आपल्या दिल्लीनं काय केलं? टॅरिफचा फटका बसलेल्या कापड उद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. गिरण्यांना दिलासा हवाच होता, नाही कोण म्हणतं! पण तो तिजोरीतून द्यायचा सोडून यवतमाळ-वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या खिशातून का? बाहेरचा कापूस बिनशुल्क आला, बाजारात भाव हमीभावाच्या खाली गेला. लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात ८,११० रुपये होता, पण सीसीआयला कापूस द्यायचा तर आधी ॲपवर नोंदणी करा. आणि हेच सरकार डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद करून बसलं होतं. भाव चढला की निर्यात बंद, भाव पडायच्या बेतात असला की आयात खुली. तेव्हा कुठल्या अँकरला 'संरक्षणवाद' हा शब्द आठवला होता?

शुल्कमाफी आधी ३० सप्टेंबरपर्यंतच होती, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अतिवृष्टीतून वाचलेला कापूस आमच्याकडं वेचून घरात येतो, आणि देणेकऱ्यांच्या तगाद्यानं विकला जातो, तो नेमका याच तीन महिन्यांत.