नाव वळवायची जागा

शेक्सपिअरचे गाव पाहावे, ही हौस मराठीच्या प्राध्यापकालाही असते. पुतण्याने बोलावले म्हणून दोन वर्षांपूर्वी मी स्ट्रॅटफर्डला गेलो खरा. पण नाटककाराच्या घरापेक्षा मनात राहिला तो तिथला कालवा.

आम्हां संभाजीनगरकरांची नहर म्हणजे जमिनीखालचे पाणी. मलिक अंबरने ते सतराव्या शतकात शहरात खेळवले. पुढे तशाच पाण्यावर पाणचक्की फिरली. नहरीत नाव चालते हे आम्हांला नवलच!

रेल्वे आली आणि हा कालवा मागे पडला, गाळाने भरला; तो कायमचा बंद करण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा हौशी स्वयंसेवक, सैनिक, इतकेच काय तुरुंगातले कैदीसुद्धा चिखलात उतरले आणि १९६४ साली सुमारे २१ किलोमीटरचा कालवा पुन्हा वाहता झाला.

काठाने चालताना मी पुतण्याला विचारले, “अरे, सत्तर फूट लांबीची ही होडी एवढ्याशा कालव्यात वळते कशी?”

तो हसला. “काका, त्यासाठी ठरावीक ठिकाणी काठ आत कापून ठेवतात. त्या खाचेत होडीचे तोंड घालायचे आणि मागची बाजू हळूहळू फिरवायची. ती जागा चुकली, की पुढची येईपर्यंत मैलोगणती पुढेच जायचे!”

मी एकदम गप्प झालो. निघण्याच्या आदल्याच रात्री आमचे चिरंजीव म्हणाले होते, “बाबा, इंजिनिअरिंगमध्ये माझे मन लागत नाही. मला इतिहास शिकायचा आहे.” मी कडाडलो होतो, “आणि दोन वर्षांची फी? ती पाण्यात?” पोरगा मान खाली घालून उठून गेला होता.

ज्यांनी कालवा खणला, त्यांनी नावाड्याला परतावेसे वाटेल हे आधीच धरले होते. मी मात्र मुलाला एक खाचसुद्धा ठेवली नव्हती.

यंदा तो इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. “पुढे नोकरीचे काय?” हा हिचा प्रश्न अजून घरात आहे आणि माझ्यापाशी त्याला उत्तर नाही. पण परवा रविवारी त्याने मला पाणचक्कीवर नेले आणि डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून तिथवर कसे येई, ते तासभर समजावून सांगितले.

वर्गात मुलांना मी शिकवतो. त्या दिवशी मी मुकाट्याने ऐकत होतो.