हरणारा संघ आणि हरवलेला संघ

जिंकणाऱ्याच्या रथाला हात लावायला गर्दी होते, यात नवल नाही. जगाची रीतच ती. नवल वाटते ते याचे, की रुतलेल्या चाकाशी कोणी उभा राहिला तर आपल्यातली चांगली शिकलीसवरलेली माणसेही त्याला वेड्यात काढतात. अमेरिकेत बेसबॉलच्या हरणाऱ्या संघामागे वर्षानुवर्षे जाणारे लोक आहेत. त्यांची गोष्ट निघाली की आपली शहाणी मंडळी हसतात आणि म्हणतात, "अहो, मग संघ बदलावा की!" जणू संघ म्हणजे अंगातला सदरा. विटला, टाकला, दुसरा घातला.

या मंडळींशी माझे भांडण आहे. पण ते घरातल्या घरातले. खरे भांडण दुसऱ्यांशी आहे, त्यांच्याकडे मी येतोच. आधी खेळाविषयी दोन शब्द.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या घरांत बेसबॉल म्हणजे अमेरिकेतला विटीदांडू, एवढीच समजूत असते. असो. त्या खेळाचा मोसम मार्चअखेर सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर संपतो. तेवढ्या अवधीत प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोज एक. शंभर सामने जिंकणारा संघ थोर समजला जातो, आणि तो थोर संघसुद्धा बासष्ट वेळा मान खाली घालून घरी जातो. 1998 सालच्या न्यूयॉर्क यँकीजची गणना आजवरच्या उत्तमोत्तम संघांत होते. तेही 48 वेळा हरलेच. म्हणजे पराभव हा या खेळात अपघात नव्हे, ती पानातली रोजची कारल्याची भाजी आहे. ज्याला ती गिळवत नाही त्याने या पंक्तीला बसूच नये.

आणि म्हणूनच इथले प्रेम वर्षाकाठी चार मोठे सामने पाहून जडत नाही. ते रोजच्या सहवासाने जडते. संध्याकाळी स्वयंपाकघरात रेडिओ चालू असतो, आजोबा कागदावर धावा मांडीत असतात, नातू मधूनच येऊन विचारतो, "आज काय?" "आजही हरले." एवढ्यावर दोघांचे भागते. घरातल्या आजारी माणसाची विचारपूस करावी तशी ही विचारपूस असते. अंथरुणाला खिळला म्हणून चुलता बदलल्याचे कोणी ऐकले आहे काय?

बाल्टिमोर शहराची हकीकत सांगतो. 1988 साली तिथल्या ओरिओल्स संघाने मोसमाच्या आरंभीच ओळीने 21 सामने गमावले. मग एक जिंकला, पुन्हा दोन गमावले. एक विजय आणि तेवीस पराभव एवढी शिदोरी घेऊन हा संघ 2 मे रोजी आपल्या मैदानावर परतला. त्या रात्री तिथे किती माणसे जमावीत? 50,402! हसायला आली नव्हती. जमली होती ती पाठीवर हात ठेवायला. या गर्दीला एक जुनी जखमही होती. चार वर्षांपूर्वी, 1984 साली, याच शहराचा फुटबॉलचा संघ त्याच्या मालकाने एका रात्रीत मालमोटारींत भरून इंडियानापोलिसला नेला होता. बेसबॉलचाही संघ जातो की काय, ही धास्ती प्रत्येकाच्या पोटात होती. त्या रात्री मैदानावरच जाहीर झाले, की संघ नव्या मैदानाचा दीर्घ मुदतीचा करार करून बाल्टिमोरमध्येच राहणार. त्या मोसमात ओरिओल्स एकंदर 107 सामने हरले. हरेनात का! शहराचा संघ शहरात राहिला.

तसेच न्यूयॉर्कचे मेट्स. 1962 साली हा संघ नव्याने उभा राहिला, तो इतर संघांनी नको म्हणून पुढे केलेल्या खेळाडूंच्या बळावर. 40 जिंकले, 120 हरले. त्या वर्षी त्यांच्या मैदानावर 9,22,530 तिकिटे खपली. लोकांना काय दिसत नव्हते? सगळे दिसत होते. पण ही नव्या संसारातली तारांबळ आहे, कोणी मुद्दाम मांडलेला देखावा नाही, हेही दिसत होते.

आता येतो मूळ मुद्द्यावर. पराभव दोन जातींचे असतात. एक हरणाऱ्याचा, दुसरा हरवून घेणाऱ्याचा. या दोहोंना एकाच तागडीत तोलणारे जे लोक आहेत त्यांच्याशी माझे खरे भांडण आहे. हे लोक फार गोड बोलतात. "खरा चाहता तोच, जो पडत्या काळातही तिकीट काढतो," हे त्यांचे पालुपद. वरवर पाहता ही निष्ठेची थोरवी वाटते. कान देऊन ऐकले तर तिच्यात गल्ल्याची खणखण ऐकू येते.

या दुसऱ्या जातीचा आद्य नमुना जुनाच आहे. 1899 साली क्लीव्हलँडच्या स्पायडर्स संघाच्या मालकांनी, रॉबिसन बंधूंनी, सेंट लुइसचाही संघ खरेदी केला. एका घरात दोन चुली. मग क्लीव्हलँडचे सगळे चांगले खेळाडू, थोर पिचर साय यंग याच्यासह, सेंट लुइसला पाठवण्यात आले आणि मागे उरला तो गाळ. त्या गाळाने 154 सामन्यांपैकी 134 गमावले. प्रेक्षकांनी काय केले? त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली. गावात सामने घेणे परवडेना म्हणून उरलेले बहुतेक सामने परगावीच खेळावे लागले, आणि मोसम संपल्यावर लीगने तो संघच मोडीत काढला. क्लीव्हलँडच्या लोकांना आजवर कोणी बेइमान म्हटल्याचे मला ठाऊक नाही. उलट शहाणे म्हणावे लागेल.

एकशेवीस वर्षांनंतर ओकलंडच्या लोकांना मात्र बेइमान ठरवण्यात आले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या पलीकडे ओकलंड आहे. गोदीकामगारांचे, कष्टकऱ्यांचे शहर. ॲथलेटिक्स हा संघ 1901 साली फिलाडेल्फियात जन्मला, 1955 मध्ये कॅन्सस सिटीला गेला आणि 1968 पासून ओकलंडला नांदला. 1972, 1973 आणि 1974 अशी ओळीने तीन वर्षे त्याने वर्ल्ड सीरिज जिंकली. पुढे तेव्हाचे मालक चार्ली फिनली यांच्या अमदानीत ते सारे मोठे खेळाडू पांगले. 1979 साली हा संघ 108 सामने हरला, वर्षभरात जेमतेम 3,06,763 प्रेक्षक आले, आणि एप्रिलातल्या एका सामन्याला तर फक्त 653. तेव्हाही लोक म्हणत, या शहराला खेळाची आवडच नाही. 1980 मध्ये संघ हास कुटुंबाकडे गेला. त्यांनी खेळाडू घेतले, मैदान सजवले, शाळांतून मुले आणली. 1989 साली पुन्हा वर्ल्ड सीरिज जिंकली, आणि 1990 साली त्याच शहरात, त्याच मैदानावर एकोणतीस लाख माणसे आली. बदलले होते काय? शहर? मैदान? बदलला होता मालक.

हा आकडा ज्यांनी एकदा वाचला त्यांनी 2022 आणि 2023 सालचे रिकामे बाक दाखवून ओकलंडकरांना बोल लावू नये. 2005 मध्ये संघाची मालकी जॉन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे आली. नव्या मैदानाच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आधी फ्रीमाँटचे नाव निघाले (आज तिथे मराठी घरेही पुष्कळ आहेत आणि गणपतीही बसतात), मग सॅन होजेचे, मग ओकलंड बंदराकाठच्या जागेचे. त्यातले एकही उभे राहिले नाही. मधल्या काळात संघ बरा खेळत होता. 2018 ते 2020 ही तिन्ही वर्षे तो मोसमानंतरच्या निर्णायक सामन्यांपर्यंत पोहोचला. मग 2021 चा मोसम संपला आणि मोडीचा बाजार सुरू झाला. मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, ख्रिस बॅसिट, पाठोपाठ शॉन मर्फी. एकेक पाठवला गेला. 2023 साली ओल्सनने ॲटलांटाकडून 54 होम रन मारले, लीगमध्ये सर्वांत जास्त. आणि त्याच साली ॲथलेटिक्सने 112 सामने गमावले. वर तिकिटांचे दरही चढवले होते. शिळे अन्न वाढायचे, त्याचे दाम वाढवायचे, आणि गिऱ्हाईक उठून गेले की म्हणायचे, "पाहा, या गावात जेवणारेच नाहीत!"

मग ओकलंडच्या लोकांनी जे केले, ते मला अलीकडच्या काळातले चाहतेपणाचे सर्वांत मोठे कृत्य वाटते. त्यांनी उलटा बहिष्कार पुकारला. 13 जून 2023 रोजी मंगळवार होता. समोर टाम्पा बेचा संघ. एरवी जिथे चार-पाच हजार डोकी दिसत तिथे 27,759 लोक आले. अंगात हिरवे सदरे, त्यांवर एकच शब्द: विका. पाचव्या डावाच्या आरंभी सारे मैदान मुद्दाम चिडीचूप बसले आणि मग एकदम घोष उठला, "संघ विका!" त्या दिवशी तळाच्या संघाने लीगमधल्या अव्वल संघाला 2-1 असे हरवले.

बाल्टिमोरची पुनरावृत्ती व्हावी, नाही का? मैदान भरले, संघ जिंकला, आता मालकाने राहतो म्हणावे. त्याच दिवशी शेकडो मैलांवर नेव्हाडा राज्याच्या सिनेटने लास व्हेगासच्या मैदानासाठी 38 कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा देण्याचे विधेयक मंजूर केले. दोन दिवसांत गव्हर्नरांची सहीही झाली. नोव्हेंबरात लीगच्या तीसही मालकांनी एकमताने स्थलांतराला संमती दिली. तीसपैकी एकालाही वावगे वाटले नाही!

"पण संघ त्याचा, पैसा त्याचा, तुम्ही कोण विचारणारे?" असा प्रश्न इथे हटकून येतो. आपल्यातले व्यापारी वृत्तीचे सज्जन तो फार ठामपणे विचारतात. व्यापारच म्हणता ना? मग व्यापाराचे नियम लावा. गावातले एक दुकान वाईट निघाले तर शेजारी दुसरे उघडता येते. ओकलंडला दुसरा मोठा संघ काढता येत नाही, कारण लीगचे दार मालकांच्याच हाती आहे, आणि 1922 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या बाहेर ठेवले, ती सवलत बऱ्याच अंशी आजही टिकून आहे. देशव्यापी प्रक्षेपणाचा पैसा तीसही संघांत सारखा वाटला जातो. हरलात तरी वाटा तेवढाच. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या वर्गात ढकलले जातात. इथे ती भीती नाही. उलट तळाच्याला होतकरू तरुण खेळाडू निवडताना वरचा क्रम मिळण्याची आशा. हल्ली सोडत काढतात, पण सोडतीतही पारडे त्यांच्याकडेच झुकते. नापास झालेल्याला बक्षीस देणारी ही शाळा! आणि नवे मैदान बांधायचे तर हात पसरायचा सरकारपुढे. असा व्यापार मलाही करायला आवडेल.

शिकागोकरांचेही ऐकून ठेवा. 2024 साली व्हाइट सॉक्स संघाने 162 पैकी 121 सामने गमावले आणि मेट्सचा तो जुना 120 चा उच्चांक मोडला. वाटेत ओळीने 21 पराभव झाले. ती मालिका संपली कुठे, तर ओकलंडमध्ये! बुडत्याला बुडत्याचा आधार. 120 पराभव पदरी घेऊन संघ शेवटच्या तीन सामन्यांसाठी घरच्या मैदानावर आला, तेव्हा विक्रमी पराभव याचि डोळा पाहायला काही जण हौसेने आले होते. संघाने त्यांची निराशा केली. तिन्ही सामने जिंकले आणि मगच डेट्रॉइटला जाऊन हरला. तिथेही "संघ विका" हा घोष उठला होता. त्या लोकांना संघाशी द्रोह करणारे म्हणायचे? पन्नास वर्षे जो माणूस त्या बाकावर बसला त्याला ओरडण्याचा अधिकार नाही, तर कोणाला आहे? घरात भांडतो तो घरचाच असतो. परका नुसता निघून जातो.

ओकलंडचा अखेरचा सामना 26 सप्टेंबर 2024 रोजी झाला. 46,889 माणसे आली. ॲथलेटिक्सने टेक्सासला 3-2 असे हरवले. सामना संपल्यावर लोक बराच वेळ हललेच नाहीत. मैदान राखणाऱ्यांनी आतली माती वाटली, ती लोकांनी पेल्यांतून, पिशव्यांतून घरी नेली. पंढरीहून बुक्का आणावा तशी. जे लोक येत नाहीत म्हणून संघ हलवला, तेच हे लोक.

2025 साली तो संघ वेस्ट सॅक्रामेंटोच्या एका छोट्या, खालच्या लीगच्या मैदानावर उतरला. लास व्हेगासचा मुहूर्त 2028 चा ठरला आहे. तोवर त्याने नावामागे कोणत्याच शहराचे नाव लावायचे नाही असे ठरवले, नुसते "ॲथलेटिक्स". गुणतक्त्यात इतर साऱ्या संघांना गाव आहे, याला नाही. पूर्वी हरत होता, पण कुठला ते ठाऊक होते.

इकडे वेस्ट ओकलंडमध्ये रायमोंडी पार्क नावाचे सार्वजनिक मैदान आहे. 2024 पासून तिथे बॉलर्स नावाचा नवा छोटा संघ पायोनियर लीगमध्ये खेळतो. ही लीग मोठ्या लीगच्या पुष्कळच खालची. त्या संघाच्या मालकीचे भाग चाहत्यांनाही घेता आले, आणि शेकड्यांनी लोकांनी ते घेतले. 2025 साली, म्हणजे दुसऱ्याच मोसमात, त्याने लीगचे अजिंक्यपद मिळवले.