वर्ष वाया घालवायचं तर कोचिंगमध्येच घालवा

‘या काळात मी कुठेही प्रवेश घेतला नाही, कुठे नोकरी केली नाही आणि कोणत्याही गुन्ह्यात माझा सहभाग नव्हता.’ जामिनावर सुटलेल्या इसमाचं हे निवेदन नव्हे. बारावी होऊन वर्ष उलटलं की प्रवेश मागायला आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराकडून कॉलेजं हे स्टँपवर लिहून घेतात. मी इंदूरचा नोटरी. दर जून-जुलैत माझ्या टेबलावर असली शपथपत्रं येतात. मजकूर हिंदीत आणि सगळ्यांचा एकच. पोरगं सही करतं, बाप शेजारी खाली मान घालून उभा असतो. मी शिक्का मारतो, पैसे घेतो. आणि मनात येतं, ज्यांच्याकडून हे शपथेवर वदवून घ्यायला हवं ती माणसं इथे फिरकतच नाहीत.

ते वर्ष पोराने कोचिंगपायी काढलेलं असतं इथल्या भंवरकुआँच्या एखाद्या कोंदट खोलीत, नाहीतर कोट्याला. ‘यंदा ड्रॉप घेतलाय’ हे आमची इंदुरी मराठी घरं लग्नाच्या पंगतीत मान ताठ ठेवून सांगतात. फी, हॉस्टेल, मेस, टेस्ट सिरीज मिळून लाखांत खर्च होतो, त्यावर कुणी हूं की चूं करत नाही. २०२३ साली त्याच कोट्यात मुलांच्या आत्महत्या इतक्या झाल्या की प्रशासनाला हॉस्टेलच्या पंख्यांना स्प्रिंग लावायचा हुकूम काढावा लागला. ही बातमी सकाळी पोह्यांबरोबर वाचायची आणि दुपारी धाकट्याच्या ॲडमिशनसाठी तिथलीच चौकशी करायची, हे आपल्याला जमतं.

तेव्हा ‘आपल्याकडे गॅप इयर चालत नाही’ हे मला सांगू नका. चालतं. दोन-दोन चालतात. वर्ष गेल्याचं दुःख नसतं, पैसा गेल्याचंही नसतं. पोराने ते वर्ष स्वतःच्या मर्जीने काढलं, तर मात्र पोटात दुखतं.

मागच्या पावसाळ्यात सिमरोलकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. खंडवा रोडला दुकान, घर खाऊनपिऊन सुखी. मुलीचा नीटचा एक ड्रॉप फुकट गेला होता. दुसऱ्याची तयारी करायची सोडून ती मोबाइलवर गुपचूप जर्मन शिकली आणि ‘ओ पेअर’ म्हणून जर्मनीला जायचं म्हणू लागली. वय सत्तावीसच्या आत हवं, भाषा जेमतेम येत असली तरी चालते, जास्तीत जास्त एक वर्ष. एखाद्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, घरकामाला हात लावायचा. काम आठवड्याला तीस तासांपर्यंत. राहणं-जेवण त्यांचं, वर महिन्याला २८० युरो हातखर्च.

“वकीलसाहेब, हिला जरा समजवा. लोकांची पोरं सांभाळायला जाणार म्हणते! आया होणार? आमच्या घराण्यात कुणी…”

“बाबा, ताई देवासला दुसरं काय करते? तिला तर २८० युरोही नाहीत.”

गृहस्थ गप्प. ताईचं लग्न थाटात लावून दिलं होतं, एकत्र कुटुंबात. मुलीला समजवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, बापाला समजवण्यासारखं पुष्कळ होतं. पण अशिलाला कोण दुखावणार? दुसऱ्या ड्रॉपचं शपथपत्र त्याच आठवड्यात कुणा दुसऱ्याच नोटरीकडे झालं, असं नंतर कळलं.

ओ पेअर म्हणजे स्वर्ग नव्हे. घर वाईट भेटलं तर तीसचे पन्नास तास होतात, आणि परमुलखात एकटी पोर कुणाकडे दाद मागणार? बापाने ही भीती बोलून दाखवली असती तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो. त्याला भीती लोक काय म्हणतील याची होती.

आणि गंमत बघा. जर्मन सरकार २००८पासून ‘वेल्टवेर्ट्स’ नावाच्या योजनेखाली बहुतांश खर्च स्वतः उचलून आपली अठरा ते अठ्ठावीस वयाची पोरं परदेशी सेवाकार्याला पाठवतं. भारतातही येतात. खेड्यातल्या शाळेत मुलांबरोबर बसतात, हाताने वरणभात खातात, आणि आपण गहिवरतो: एवढ्या श्रीमंत देशातलं लेकरू, पण किती साधं! त्यांच्या पोरीने आपली मुलं सांभाळली तर ती सेवा, आपल्या पोरीने त्यांची सांभाळली तर ती आया.

बाहेरचे दरवाजे उघडे आहेत असंही नाही. ऑस्ट्रेलियाने वर्षभर काम करत हिंडायचा व्हिसा भारतीयांना २०२४मध्ये पहिल्यांदा देऊ केला: जागा वर्षाला १,०००, त्याही सोडत काढून. पहिल्या पंधरवड्यातच चाळीस हजारांच्या घरात अर्ज पडले. तिथल्याच तशा व्हिसासाठी ब्रिटिश पोराला ना सोडत ना मर्यादा. ब्रिटन आपल्याला वर्षाला ३,००० जागा देतं, पण पदवी हवी आणि खात्यात २,५३० पौंड. म्हणजे बारावीच्या पोराने नाव काढायचं नाही. पदवी झाली की बाविसाव्या वर्षी प्लेसमेंट दारात उभी, आणि तिथल्या अटींमध्ये ‘शिक्षणात खंड नसावा’ असं छापलेलंच असतं.

परक्यांनी दार लावलं तर समजू शकतो. आपण आतून कडी घालतो त्याचं काय? आमच्या सिमरोलला २००९ साली सुरू झालेली आयआयटी आहे. तिथे शिरायचं तर जेईई ॲडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनच संधी. बारावीनंतर वर्षभर जग बघायला गेलात की त्यातली एक गेली. नोव्हेंबर २०२४मध्ये दोनच्या तीन केल्या आणि पंधरवड्याच्या आत पुन्हा दोनवर आणल्या. आत शिरलेल्यांचा परदेश म्हणजे उन्हाळ्यातले बारा आठवडे कॅनडातल्या एखाद्या प्रयोगशाळेत, ‘ग्लोबलिंक’ इंटर्नशिप म्हणून. चांगलीच गोष्ट आहे. पण रेझ्युमेत ओळ वाढली नसती तर किती घरांनी विमानतळावर सोडलं असतं?

‘आपली ही रीत नाही’ म्हणणाऱ्यांनी शेजारच्या महूकडे बघावं. १८५७ साली कोकणातल्या वरसईचा विष्णुभट गोडसे कर्ज फेडायला मथुरेच्या यज्ञाच्या दक्षिणेसाठी निघाला आणि महूजवळ त्याच्या कानावर बंडाची बातमी आली. त्या वेळी कोकणातल्या माणसाला आमचा माळवा म्हणजे परदेशच. घरच्यांना भीती होती ती तिकडच्या भांगेची आणि बायकांची. माझ्यासमोर बसणाऱ्या पालकांची यादी आजही याहून फार लांबलेली नाही. विष्णुभट लुटला गेला, झाशीच्या कत्तलीतून जीव घेऊन पळाला, गंगेची कावड घेऊन घरी परतला आणि पुढे ‘माझा प्रवास’ लिहिला. त्याच्या बापाने त्याला दक्षिणेची दुसरी परीक्षा द्यायला बसवलं असतं तर मराठीला ते पुस्तक मिळालं नसतं.

माझं मागणं फार मोठं नाही. मिळालेला प्रवेश एक वर्ष राखून ठेवायची सोय द्या. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत अर्ज करतानाच ‘पुढल्या वर्षी येतो’ असं लिहिता येतं; तिथली विद्यापीठं त्याने बुडालेली नाहीत. यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर: जागा रिकामी राहील, हिशेब कोलमडेल. आयआयटींच्या समुपदेशनात पाच-सहा फेऱ्या होतात, हजारो पोरं जागा घेतात, बदलतात, सोडतात. तो हिशेब संगणकाला चुटकीसरशी जमतो. वर्षभर एक जागा राखण्याचा तेवढा जमत नाही, हे मला पटवून देईल असा कुलसचिव अजून भेटायचा आहे.