खडकवासल्यातली भरती-ओहोटी

८ जून हा जागतिक महासागर दिन. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या पुण्याला याचे काय, असे कुणी विचारलेच तर त्याला ३ जून २०२० ची आठवण करून द्यावी. रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ घाट चढून आले. शहरात झाडे उन्मळून पडली, मावळातली पॉलिहाउसे भुईसपाट झाली.

पण पुण्याचे समुद्राशी नाते केवळ मार खाण्याचे नाही. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनीच २०२१ मध्ये दाखवून दिले की, १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. त्याआधी, २०१६ मध्ये, याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पतिप्लवक सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटल्याचे मांडले. वरचे पाणी तापले की हलके होऊन वरच राहते. खालचे थंड, पोषक पाणी वर येत नाही आणि प्लवक उपाशी मरते. तारलीसारखी मासळी जगते ती त्याच प्लवकावर.

तिकडे खडकवासल्याला १९१६ पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिथे बंदरांच्या प्रतिकृती बांधतात. समुद्रतळाचे चढउतार सिमेंटमध्ये घडवायचे, यंत्राने पाण्याला भरती-ओहोटी आणायची आणि नवा धक्का बांधला तर प्रवाह कुठे वळेल, गाळ कुठे साचेल हे पाहायचे. सिंहगडाच्या पायथ्याजवळ समुद्राला भरती येते, हे किती पुणेकरांना ठाऊक असेल?

म्हणजे समुद्राचे गणित पुण्यात आहे; समुद्र मात्र कोकणात. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. नंतर राज्यात या विषयाची महाविद्यालये निघाली ती नागपूर आणि उदगीरला. तळ्या-धरणांतल्या मासळीसाठी ती हवीतच. तरी किनाऱ्याकडे पाठ करून बसण्याची आपली सवय त्यातही दिसतेच. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ गोवा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी मार्गदर्शन करतात. पुण्यातही पाषाणच्या संस्थेत संशोधन करून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची पदवी घेता येते. मग हीच वाट पुढे शिरगावपर्यंत का जाऊ नये?

विद्यापीठांना सामंजस्य करार आवडतात. शाल, श्रीफळ, छायाचित्र, की झाले. त्यातून विद्यार्थी जागचा हलला का, हे कुणी विचारत नाही. श्रेयांक बँक २०२१ पासून आहे, तेव्हा एका ठिकाणचे श्रेयांक दुसरीकडे चालत नाहीत ही सबबही उरलेली नाही. पुण्यातल्या सांख्यिकी, भूगोल, पर्यावरणाच्या मुलांनी एक सत्र शिरगावला काढावे आणि मत्स्य महाविद्यालयातल्या मुलांनी पाषाणला बसून हवामानाची प्रारूपे हाताळावीत.

पाषाणच्या प्रारूपांना शिरगाव कशाला? उपग्रहाला कळते ते समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान. पावसाळी ढगांत तर अनेक उपग्रहांना तेही दिसत नाही. जाळे किती वाव पाण्यात लागले, बांगड्यात अंडी भरलेल्या माद्या किती, पाण्याची ओढ कुठल्या बाजूला होती, हे तांडेल सांगतो. मासळी उतरत असताना टोपलीशी उभे राहून ते टिपून घ्यावे लागते. बाकीचे सविस्तर बोलणे मात्र बंदीच्या दिवसांत: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. होड्या झापांखाली असतात, तांडेल जाळी दुरुस्त करीत बसलेला असतो. बोलायला याहून निवांत वेळ नाही. नेमक्या याच दिवसांत आपली विद्यापीठे निकाल आणि प्रवेशांत बुडालेली असतात. वेळापत्रक बदलायचे तर ते विद्यापीठानेच बदलावे, बंदी काही प्रवेशांसाठी पुढे सरकणार नाही.

पैसा फार लागत नाही. लागतो तो अडनिड्या जागी. करारात परिषदांना कलम असते, प्रयोगशाळेला असते. बोटीच्या डिझेलला आणि मुलांना घेऊन गेलेल्या तांडेलाच्या बुडालेल्या मजुरीला नसते. आधी ते कलम लिहावे. कुलगुरूंच्या सह्या मागाहून झाल्या तरी चालतील.