‘सध्या घरीच का?’

परवा रात्री साडेनऊला भाचीचा व्हिडिओ कॉल आला. अमेरिकेत तेव्हा सकाळ. फोन ओट्यावर कशाला तरी टेकवून ठेवलेला, त्यामुळे मला निम्मा वेळ तिचं कोपर आणि मागचा नळच दिसत होता. भांडी विसळता विसळता ती बोलत होती. बोलता बोलता म्हणाली, "मावशी, इथल्या कॉलेजने गणिताचा एक वर्ग घ्याल का म्हणून विचारलं होतं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी. मी नाही म्हणून टाकलं."

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "बरं केलंस. लेकरू लहान आहे अजून."

फोन ठेवला आणि अंथरुणावर पडले, पण काही केल्या झोप लागेना. आपण चुकीचं बोललो असं आतून कुणीतरी सांगत होतं. म्हणून आज हे लिहायला बसले. (ती हे वाचणार आहे, मला माहीत आहे. वाचू दे.)

भाची एम.एस्सी., बी.एड. इकडे ज्युनिअर कॉलेजला सहा वर्षं गणित शिकवलेली. जावई तिकडच्या विद्यापीठात शिकवतात. लग्न होऊन ती गेली ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या मागे बायको म्हणून. त्या व्हिसावर पूर्वी नोकरी करताच येत नसे. 2015 साली नियम थोडा सैल झाला. नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं की बायकोला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो परवाना हातात पडेपर्यंत हिची पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत आम्ही नातेवाईक दर फोनवर तिला एकच प्रश्न विचारत आलो. "काय गं, सध्या घरीच का?" जावयांना आम्ही काय विचारतो? "काय म्हणतंय काम?"

परदेशात शिकवणारं जोडपं म्हटलं की मला आठवतात ते जयंतराव आणि मंगलाताई नारळीकर. जयंतराव घराघरांत माहीत आहेत. मंगलाताईंचं सांगते. 1964 साली मुंबई विद्यापीठात गणितात एम.ए., पहिला नंबर, कुलपतींचं सुवर्णपदक. मग टाटा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन. 1966 साली लग्न झालं आणि त्या केंब्रिजला गेल्या. जयंतराव तिथे फ्रेड हॉइल यांच्या संस्थेत होते. मंगलाताईंनीही 1967 ते 69 या काळात केंब्रिजला पदवीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवलं. मुंबईची पोरगी केंब्रिजच्या पोरांना गणित शिकवते, तेही त्या काळात! पण आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं? मला तरी नव्हतं, आणि मी आयुष्यभर शाळेत काढलेली बाई.

1972 साली दोघं परत आले. मंगलाताईंची पीएच.डी. झाली ती 1981 साली. एम.ए.नंतर सतरा वर्षांनी. ही सतरा वर्षं कुठे गेली हे कुणाही बाईला सांगावं लागणार नाही. परका देश, मग परतून नवा संसार, तीन मुली, घरातली वडीलधारी माणसं. भारतीय स्त्री-वैज्ञानिकांवर ‘लीलावतीज डॉटर्स’ नावाचं एक पुस्तक 2008 साली निघालं. त्यात मंगलाताईंनी स्वतःबद्दल मोकळेपणाने लिहिलं आहे. आपल्या पिढीतल्या शिकलेल्या पुष्कळ बायकांनी घर आधी आणि करिअर मागून असं केलं, त्यातलीच मी एक, असा त्याचा सूर आहे. तक्रार नाही, कुणावर राग नाही. संसार त्यांनी आनंदाने केला हे त्यांच्या लिखाणावरून दिसतंच. पण त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून आपण प्रश्नच विचारायचा नाही असं थोडंच आहे?

त्या 2023च्या जुलैमध्ये गेल्या. मी वाचलेल्या बातमीत आधी ‘डॉ. जयंत नारळीकर यांच्या पत्नी’ होतं आणि मग गणितज्ञ. मे 2025मध्ये जयंतरावही गेले. त्यांच्या बातमीची सुरुवात ‘मंगलाताईंचे पती’ अशी झालेली मला कुठे दिसली नाही.

जाता जाता एक. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘बावीस’च्या जोडीला ‘वीस दोन’ असं वाचायची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? त्या गणित समितीच्या प्रमुख मंगलाताईच होत्या. मीसुद्धा तेव्हा नाक मुरडलं होतं. आमचे हे तर पेपर वाचून तावातावाने बोलत होते. पण नंतर आठवलं, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळून फळ्यापुढे रडवेली झालेली किती पोरं मी पाहिली आहेत! केंब्रिजला शिकवलेली बाई पंचाहत्तरीच्या वयात दुसरीतल्या पोराची अडचण घेऊन बसली होती, आणि आपण तिची थट्टा करत होतो. असो. विषय तो नाही.

आमच्या नगरला (कागदोपत्री 2024पासून अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच येतं) परदेशी जाऊन शिकवणारी जोडपी काही नवी नाहीत. फक्त इथे परदेश म्हणजे आपला देश. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला ठाणं उघडलं. बोटीने चार-पाच महिने प्रवास करून ही माणसं यायची, तीही बहुतेक नवी लग्न झालेली. उन्हाळा, पटकी, अनोळखी भाषा. त्यांच्यातल्या बायका घर चालवायच्या, मुलं वाढवायच्या, त्यातली काही इथल्याच मातीत पुरायच्या, आणि मुलींना लिहावाचायलाही शिकवायच्या. पण त्यांच्या बोर्डाच्या दप्तरी सुरुवातीच्या काळात नवरा ‘मिशनरी’ आणि बायको ‘सहायक मिशनरी’. नेमणूक त्याची. ती सोबत आलेली. तेव्हाचा एच-फोरच म्हणा ना!

आता गंमत बघा. त्या सगळ्यांत नगरकरांच्या लक्षात राहिलेलं बाईचं नाव कोणतं? मिस फरार. सिंथिया फरार 1827 साली मुंबईत आल्या, 1839मध्ये नगरला आल्या आणि 1862 साली इथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळेचं काम बघून जोतीरावांनी प्रेरणा घेतली, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं तेही त्यांच्याकडेच. फरारबाईंचं काम मोठं होतंच. पण मला वाटतं, त्यांचं नाव त्यांच्या स्वतःच्या नावाने राहिलं याला आणखी एक कारण आहे. त्या एकट्या होत्या. दप्तरात त्यांच्या वरच्या ओळीत नवऱ्याचं नाव नव्हतं. बाकीच्या राहिल्या मिसेस अमुक आणि मिसेस तमुक.

बरं, जोडपं असलं की बाईचं नाव पुसलंच जातं असंही नाही. जोतीराव-सावित्रीबाई हेही शिकवणारं जोडपंच की. त्यांची नावं आपण दोन्ही घेतो. जोतीराव बायकोला शाळेत नेऊन थांबले नाहीत, वर्ग तिच्या हातात दिला. लोकांनी शेण फेकलं तरी तिने तो सोडला नाही.

माझंही थोडं सांगते, म्हणजे दुसऱ्यांनाच शहाणपण शिकवते असं होणार नाही. यांची बदली झाली तेव्हा मी कायम झालेली नोकरी सोडून मागे गेले. तीन वर्षांनी परत नोकरी मिळाली, पण सेवाज्येष्ठता यादीत नाव सगळ्यात खाली. पुढे मुख्याध्यापक पदाची वेळ आली तेव्हा ती तीन वर्षं आडवी आली. नोकरी सोडताना मला कुणी विचारलं नव्हतं हे खरं. पण मीही कुणाला विचारलं नव्हतं. माझ्या आईने तेव्हा मला काय सांगितलं होतं माहीत आहे? "बरं केलंस." अगदी हेच दोन शब्द.

भाची शिकवत नाही असं मात्र समजू नका. दर रविवारी सकाळी गावातल्या मराठी शाळेत ती पोरांना बाराखडी शिकवते. तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आधाराने अशा शाळा ठिकठिकाणी चालतात, शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक. पगार नाही, सर्व्हिस बुक नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांची मुलं गणित अडलं की तिच्याच स्वयंपाकघरात येऊन बसतात. शिकवणं काही सुटलेलं नाही, फक्त ते कुठे लिहून ठेवलं जात नाही.

कुणी म्हणेल, मूल लहान असताना आईने घरी राहावं यात वाईट काय? काहीच वाईट नाही. एखादीला मनापासून तसं वाटत असेल तर तिने खुशाल राहावं, तिलाही कुणी टोचू नये. पण परदेशात मदतीला ना सासू, ना कामवाली, ना शेजारची काकू. पाळणाघराचा खर्च असा की पार्टटाइम नोकरीचा पगार त्यातच जायचा. मग हिशेब मांडला की नेहमी बायकोचीच नोकरी ‘परवडत नाही’. पाळणाघराचे पैसे फक्त तिच्याच पगारातून का वजा करायचे? मूल दोघांचं, तर ते दोघांच्या पगारातून वजा करा. वजाबाकी आम्ही दुसरीत शिकवतो हो!

काल मीच फोन लावला. म्हटलं, "परवा मी बरं केलंस म्हणाले ते विसर. त्या दोन संध्याकाळी जावई काय करतात?"

ती हसली. "अगं मावशी, मंगळवारी त्याचा सेमिनार असतो. उशिरा येतो."

"आणि गुरुवारी?"

जरा वेळ पलीकडून नुसता नळाचा आवाज. मग म्हणाली, "गुरुवारी घरी असतो."

मंगळवारऐवजी दुसरा वार मिळेल का, असं तिने रात्रीच कॉलेजला विचारलंय. जागा अजून भरलेली नसावी असं तिला वाटतंय. उत्तर अजून आलेलं नाही.